कडेवरून

फोर्ट वेनच्या नाणेबाजारात माझं टेबल कोपऱ्यात,
कॉफीच्या थर्मासशेजारी. बावीस वर्षं तेच.
काचेखाली नव्वद वर्षांपूर्वीची प्रूफ नाणी,
टांकसाळीनं शौकिनांसाठी वेगळी, सावकाश,
भारी दाबाखाली पाडलेली,
आणि तरी न चमकणारी.

प्रूफ म्हटलं की लोकांना आरसा हवा असतो.
ही मंद, खरबरीत,
पिठाचा हात लागल्यासारखी.
फिलाडेल्फियाला तेव्हा हीच तऱ्हा सुचली
आणि तेव्हाच्या शौकिनांनी नाकं मुरडली:
जादा दाम मोजायचे
आणि दिसायचं काय, तर चिल्लर!
काहींनी मग ती चिल्लरीतच टाकली.

ऑरिन स्टॉलकँप येतो दर नोव्हेंबरात.
लायमाच्या कारखान्यात साचे बसवायचा,
उजव्या हाताचं एक बोट आखूड.
त्याला चांगली नाणी नकोत.
पाच सेंटांचा गवा, तोही झिजलेला,
शिंग गेलेलं, पाठीवरचे केस गेलेले,
पण मुळात प्रूफ असलेला, एवढीच अट.

आता या नाण्यावर साल असतं सगळ्यात उंचावर,
म्हणून तेच आधी पुसलं जातं.
चेहरा राहतो, तारीख जाते.
मी म्हणते, ऑरिन, या अवस्थेत
मी कशाचीच शपथ घेणार नाही.
तो नाणं उभं धरतो, दिव्याकडे तिरकं करतो
आणि नखानं काठ चाचपतो.
'कडेवरून ओळखायचं,' म्हणतो.
'कड चौकोनी असते, धारदार.
खिसा सगळं खातो, कड शेवटी खातो.'

अकरा झाली होती त्याच्याकडे
तेव्हा कुठे त्यानं सांगितलं,
तेही मी न विचारता,
थर्मासचं झाकण फिरवत.

बत्तीस सालचा हिवाळा. त्याचा जन्म व्हायचा होता.
आई, विल्मा, एका दातांच्या डॉक्टरकडे धुणीभांडी करायची.
डॉक्टरांच्या खणात मखमलीवर नाणी, ओळीनं.
पगार तीन आठवडे थकलेला. डॉक्टरांचेही रोगी
अंडी देऊन दात काढून घेत होते.
एका गुरुवारी तिनं खण उघडला,
सगळ्यात कमी चमकणारं उचललं
(हे कुणाला आठवणार?)
आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाव आणला.
कडेवर लोइस होती, ऑरिनची थोरली बहीण.
दुकानदारानं नाणं गल्ल्यात टाकलं,
दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
साठ वर्षं पाव कापताना
पहिला तुकडा ती कुणाला द्यायची नाही,
स्वतःही खायची नाही. पक्ष्यांना टाकायची.
मरायच्या आठवड्यात ऑरिनला म्हणाली,
गवा होता त्यावर, आणि अंगाला खरबरीत.
साल? साल कुणी बघितलं होतं!

'कुठलं ते कळणार नाही,' ऑरिन म्हणाला,
'म्हणून सगळीच घ्यायची.'
डॉक्टरांच्या नातीला त्यानं ओरेगनला पत्र लिहिलं आहे.
उत्तर नाही. दुसरंही लिहिलं.

मी कधी कुणाला भाव पाडून देत नाही.
त्यालाही नाही दिला. त्यानं मागितलाही नाही.
अठ्ठ्याऐंशी डॉलर पंच्याण्णव सेंट, कर धरून.
त्यानं नव्वद पुढे केले,
मी एक डॉलर आणि पाच सेंट परत दिले,
आजकालचं गुळगुळीत, कालपरवाचं नाणं.

त्यानं त्याचीही कड चाचपली.
सवय.
मग हसला, टोपी घातली,
आणि खिडकीतून मला दिसला
पार्किंगच्या मीटरपाशी वाकलेला:
नाणं आत सोडून
ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत
कान लावून थांबलेला.